तीनही पास, तरी स्पॅममध्ये

परदेशी पाठवायच्या फराळाच्या ऑर्डरी मागणारा आमच्या दुकानाचा मेल दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जातो. पितृपक्षात लोक सोनं घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, पण मुलाच्या फराळाची ऑर्डर देतात. कारण पार्सल दसऱ्याच्या आसपास निघालं नाही तर लक्ष्मीपूजनाला चकली न्यू जर्सीत पोचत नाही. २०२४ मध्ये तो दिवस होता १८ सप्टेंबर, बुधवार. सकाळी साडेनऊला ३,१४० पत्त्यांवर मेल सोडला, भाजणीचं सामान गिरणीत पाठवलं आणि फोनजवळ बसले. आदल्या वर्षी पहिल्या दोन दिवसांत नव्वदच्या वर ऑर्डरी आल्या होत्या. या वेळी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आल्या अकरा.

शनिवारी सकाळी सातला न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. त्यांच्याकडे शुक्रवारची रात्र.

"अगं, यंदा बंद केलंत की काय? मेलच नाही तुझा."

"पाठवलाय की हो काकू, बुधवारीच."

"थांब हं, चष्मा घेते." मग बराच वेळ काहीच नाही. "हा बघ, सापडला. स्पॅममध्ये आहे. वर कुणाला तरी लॉटरी लागलीय, खाली कसल्यातरी गोळ्या आहेत, आणि मधे तुझा फराळ."

मी त्या दिवशी जे केलं ते आज आठवलं तरी कसंतरी होतं. ओळखीच्या चार धंदेवाल्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं: विषयात 'सूट' लिहू नको, तीन-तीन उद्गारचिन्हं टाकू नको, रुपयाची खूण काढ. मी सगळं काढलं, विषय इंग्रजीत केला आणि रविवारी त्याच ३,१४० जणांना तोच मेल परत पाठवला. शब्द मोजून स्पॅम ओळखायची पद्धत २००२ च्या सुमारास गाजली, तेव्हापासून हा सल्ला फिरतो आहे. पूर्ण खोटा नाही, पण आमचं दुखणं तिथे नव्हतंच. उलट चार दिवसांत दुसऱ्यांदा मेल टाकून मी आगीत तूप ओतलं. ऑर्डरी आल्या आठ.

मग भाच्याला बोलावलं. तो हिंजवडीत नोकरीला, त्याचं काम सर्व्हरचंच. आला, आधी गरम चकल्या खाल्ल्या आणि मग मला माझाच मेल जीमेलमध्ये उघडायला सांगून उजवीकडचे तीन ठिपके दाबायला लावले. तिथे 'शो ओरिजिनल' म्हणून एक पर्याय असतो. तो दाबला की मेलची आतली कुंडली उघडते. वरच एक चौकट होती: एसपीएफ पास, डीकेआयएम पास.

"दोन्ही पास आहेत की!" मी म्हटलं.

"मावशी, पुढचं नाव वाच ना. पास कोण झालंय? तू नाही. तुझी मेल पाठवणारी कंपनी पास झालीय."

त्याने मला ते फराळाच्या खोक्यावरून समजावलं, आणि ते इतकं चपखल होतं की तेव्हापासून मी सगळ्यांना तसंच सांगते. खोक्याच्या बाहेर कुरियरची स्लिप असते. पाठवणारा म्हणून तिच्यावर एजंटचं नाव. आत आमचं कार्ड असतं. त्यावर आमच्या दुकानाचं नाव. ईमेलमध्येही अशी दोन नावं असतात. ज्या पत्त्यावर न पोचलेला मेल परत येतो तो बाहेरचा पत्ता, आणि वाचणाऱ्याला दिसतो तो आतला. ईमेलची मूळ व्यवस्था १९८२ ची. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखणारे, म्हणून आत कोणी कोणाचंही नाव लिहिलं तरी विचारणारं कोणी नव्हतं. फसवणारे त्यावरच जगले.

त्यावरचे उपाय नंतर एकेक करून आले. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येतं त्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर पत्तेवहीत, लावलेली यादी, की आमच्या नावाने या-या सर्व्हरनेच टपाल न्यावं. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटवलेली लाखेची मोहोर. मोहोर तपासायची किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली. आणि २०१२ मध्ये पुढे आलेलं डीमार्क विचारतं की बाहेर पास झालेलं नाव आणि आत दिसणारं नाव एकच आहे का, आणि नसेल तर मेलचं काय करायचं. माझ्या कुंडलीत डीमार्कची ओळच नव्हती. मी २०२२ मध्ये त्या मेल-सेवेवर खातं उघडलं तेव्हा 'डोमेन पडताळणी' असं एक पान आलं होतं आणि खाली 'नंतर करा' असं बटण होतं. मी ते दाबलं होतं. एवढंच.

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

चाललं, कारण चालवून घेत होते. गूगल आणि याहू या दोघांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं की फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक. दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही गोष्टी सक्तीच्या, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय. आमचा आकडा पाच हजारांच्या खाली, म्हणून मला वाटलं आपल्याला काय त्याचं. पण लहानांनाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं तर सगळ्यांनाच. हा ०.३ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे मला चावणार आहे.

भाच्याने डोमेनच्या पॅनलमध्ये शिरून पहिलाच घोळ काढला: आमचे एसपीएफचे रेकॉर्ड दोन होते. एक २०१९ मध्ये वेबसाइट करणाऱ्याने घातलेलं, दुसरं २०२२ मध्ये माझ्याच सांगण्यावरून कोणीतरी चिकटवलेलं. एका डोमेनला असं रेकॉर्ड एकच चालतं. दोन दिसली की तपासणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि चूक म्हणून नोंद करतो. म्हणजे दोन कुलपं लावून दार उघडंच. मेल-सेवेवरून जाणाऱ्या मेलांना याने फारसा फरक पडत नव्हता, पण वेबसाइटवरून सुटणाऱ्या पावत्यांची पार वाट लागली होती.

हे कसं कळलं? पावत्या ज्या 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून जातात, त्याची पेटी आम्ही कधी उघडतच नव्हतो. भाच्याने उघडली. आत परत आलेले २१२ मेल. जवळजवळ सगळ्यांत ५५०-५.७.२६ हा आकडा आणि मतितार्थ असा, की पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून मेल घेतला नाही. गिऱ्हाइकं "पावती आली नाही" म्हणून फोन करत होती आणि मी त्यांना "स्पॅममध्ये बघा ना" म्हणत होते. स्पॅममध्येही नव्हत्या हो त्या. दारातूनच परत फिरवल्या होत्या, आणि परत आलेल्या चिठ्ठ्या आमच्याच घरात पडून होत्या.

दोन रेकॉर्डं जोडून एक केलं. डीकेआयएमसाठी मेल-सेवेने तीन ओळी दिल्या होत्या, त्या मी स्वतः भरल्या, अगदी जशाच्या तशा. चोवीस तास झाले, अठ्ठेचाळीस झाले, पडताळणी काही होईना. सेवेचा मदतनीस म्हणे, थांबा. होस्टिंगवाला म्हणे, आमच्याकडून बरोबर आहे. शेवटी भाच्याने बाहेरून शोधून पाहिलं आणि हसायलाच लागला. आमचं पॅनल प्रत्येक नावापुढे डोमेन आपणहून जोडतं, आणि मी पूर्ण नाव भरलं होतं. त्यामुळे रेकॉर्डच्या नावात आमचं डोमेन लागोपाठ दोनदा आलं होतं. शेपूट कापलं, वीस मिनिटांत हिरवी खूण. या एका शेपटापायी ऐन हंगामातले दोन दिवस गेले.

डीमार्क लावताना मात्र त्याने मला आवरलं. मी म्हटलं, एकदाच 'रिजेक्ट' लाव, म्हणजे आपल्या नावाने कोणी खोटा मेल पाठवला तर तो फेकला जाईल. तो म्हणाला, "आणि आपलेच पावत्यांचे मेल अजून अर्धवट आहेत, तेही फेकले जातील. आधी 'नन' लावू, नुसतं बघू." तसं लावलं की मोठे मेलवाले रोज अहवाल पाठवतात: तुमच्या नावाने कुठल्या सर्व्हरवरून किती मेल आले, किती पास, किती नापास. पहिल्याच आठवड्यात त्यात एक भलताच सर्व्हर दिसला. मी घाबरले. निघालं काय, तर २०२१ मध्ये घेतलेलं आणि विसरलेलं एक बिलिंगचं सॉफ्टवेअर, अजून दर महिन्याला कोणालातरी आठवण पाठवत होतं.

२७ सप्टेंबरला चाचणीचा मेल टाकला. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. तिन्ही आमच्या नावाने. मी देवापुढे साखर ठेवली. आणि भाच्याच्या मोबाइलवर मेल आला तो थेट स्पॅममध्ये.

तो हट्टाला पेटला. दोन रात्री डोकं फोडलं. आमचं डोमेन काळ्या यादीत आहे का तपासलं; नव्हतं. लिंका तपासल्या, तिथे मी फुकटची लिंक आखूड करणारी सेवा वापरत होते, ती काढली, कारण तोच आखूड पत्ता फसवणारेही वापरतात आणि त्यांचं पाप आपल्या माथी येतं. तरी स्पॅम. शेवटी त्याने मेलच्या वर जीमेलने लावलेली राखाडी पट्टी नीट वाचली. त्यावर कारण लिहिलेलंच होतं: तुम्ही या पाठवणाऱ्याचे मेल यापूर्वी स्पॅम म्हणून नोंदवले आहेत.

थोडा वेळ खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"मावशी, मागच्या दिवाळीत बहुतेक मीच दाबलं असणार. आठवड्यात चार मेल आले होते गं तुझे."

"अरे, मग सांगायचंस ना, नको पाठवू म्हणून!"

"तुला कसं सांगणार?"

इथे मला पहिल्यांदा खरं काय ते उमगलं. सख्खा भाचा. माझ्या हातचं खाऊन वाढलेला. त्यालासुद्धा "मेल नको" म्हणणं जड गेलं, म्हणून त्याने गुपचूप बटण दाबलं. मग परक्या माणसांनी काय केलं असेल? आमच्या मेलमध्ये यादीतून बाहेर पडायची लिंक होती, पण तळाशी, फिक्या करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. ती तशी मीच करून घेतली होती. सणाच्या मेलमध्ये 'नाव काढा' असं ठळक लिहिणं मला अपशकुनी वाटायचं. आणि मेल तर एवढा लांब, की जीमेल १०२ केबीच्या पुढचं कापून टाकतं त्यात ती लिंकच दिसेनाशी व्हायची. बाहेरचं दार सापडलं नाही की माणूस खिडकीतून उडी मारतो. स्पॅमचं बटण वर, डोळ्यासमोर असतं.

आता ते ०.३ टक्के. हजारात तीन. ३,१४० माणसांत नऊ-दहा जणांनी बटण दाबलं की आम्ही रेषेपार. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स उघडून पाहिलं, तिथे तक्रारींचा आलेख दिसतो. पण आमच्यासारख्या थोडे मेल पाठवणाऱ्यांना बहुतेक दिवस कोराच. मेल-सेवेच्या नोंदीत मात्र एका दिवसाचा आकडा सापडला: २२ सप्टेंबर, मी दुसऱ्यांदा मेल टाकला तो रविवार. ०.९ टक्के.

मग ती ३,१४० ची यादी मी छापून काढली आणि पेन घेऊन बसले. सासूबाई शेजारी शंकरपाळे कातत होत्या. यादीत तीन प्रकारचे लोक निघाले. पहिले खरे गिऱ्हाईक. दुसरे प्रदर्शनातले: आम्ही स्टॉल लावतो तिथे वही ठेवतो, लोक चव घेता घेता नाव, पत्ता, ईमेल लिहितात. ती वही सुट्टीला आलेल्या पोरांकडून टाइप करून घेतलेली. जीमेलच्या जागी 'गमेल', याहूतला एक ओ गायब, तेलाच्या डागाखालचं अक्षर अंदाजाने. असे चुकलेले पत्ते नुसते परत येत नाहीत. चुकीच्या स्पेलिंगची काही डोमेनं मुद्दाम सापळा म्हणून लावून ठेवलेली असतात, आणि तिथे मेल गेला की कळतं, हा माणूस न विचारता पत्ते गोळा करतो. तिसरे लोक माझं खरं पाप. एका ओळखीच्या गृहस्थांनी २०२२ मध्ये परदेशातल्या एका मंडळाच्या सभासदांची एक्सेल फाइल 'तुमच्या कामी येईल' म्हणून दिली होती. नऊशेच्या आसपास पत्ते. मला तेव्हा लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. मराठी माणसं, परदेशात, दिवाळी तोंडावर! त्यातल्या एकानेही मला कधी 'पाठव' म्हटलेलं नव्हतं.

"ही आपलीच माणसं ना गं?" सासूबाई म्हणाल्या. "काढतेस कशाला? कधीतरी घेतील."

"आई, त्यांनी आपल्याला बोलावलेलंच नाही."

"दिवाळीचं आमंत्रण लागतं का?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी फक्त पुढच्या नावावर रेघ मारली. रेषा कुठे मारायची हे ठरवायला कॅनडाचा कायदा कामी आला. तिथे २०१४ पासून व्यापारी मेलला संमती लागते, आणि खरेदी केली असेल तर दोन वर्षं ती गृहीत धरतात. अमेरिकेचा २००३ चा कायदा पुष्कळ सैल आहे, 'नको' म्हणेपर्यंत पाठवा म्हणतो. पण आमची टोरांटोची गिऱ्हाइकं बरीच, म्हणून सगळ्यांनाच कडक माप लावलं. दोन वर्षांत काही घेतलेले ठेवले. मंडळाची फाइल पूर्ण उडवली. वहीतल्यांना एकच साधा मेल टाकला: आमचे मेल हवे असतील तर इथे दाबा, नाहीतर काही करू नका, पुन्हा येणार नाही. बासष्ट जणांनी दाबलं. यादी उरली १,१०४.

त्या हंगामात पुढे काय झालं ते पटकन सांगते. निम्म्याहून जास्त ऑर्डरी फोन करून आणि व्हॉट्सॲपवर मिळवल्या, घसा बसला, खपही पडला. डोमेनचं बिघडलेलं नाव असं आठवड्यात सुधारत नाही, हे भाच्याने आधीच बजावलं होतं.

सुधारलं ते हळूहळू, आणि त्यातली बरीचशी युक्ती आमच्याच धंद्यातली निघाली: घाणा एकदम मोठा टाकायचा नाही. आधी ज्यांनी याच दिवाळीत माल घेतला अशा पन्नास जणांना मेल. दोन दिवसांनी शंभर. मग दोनशे. संक्रांतीला तिळगुळाचा, एप्रिलमध्ये कुरडया-पापडांचा, आणि मधे उगाच काही नाही. मेलचं रूपही बदललं. पूर्वी डिझायनर एक भलं मोठं चित्र करून द्यायचा, समई, रांगोळी, दरपत्रक, सगळं त्या एकाच चित्रात, मजकूर शून्य. ज्यांच्याकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत त्यांना नुसता पांढरा चौकोन. आता मी साधं पत्र लिहिते, वर एकच फोटो, आणि शेवटी प्रश्न असतो: "अनारसे खसखशीचे हवेत का साधे?" लोक उत्तर देतात. उत्तर येणाऱ्या पत्त्यावर स्पॅमच्या गाळणीचा विश्वास बसतो म्हणतात. मला तर ऑर्डर घ्यायला सोपं जातं, हे जास्त. 'नाव काढा' वर, पहिल्या परिच्छेदाखालीच. पहिल्या महिन्यात एकतीस जणांनी काढलं. प्रत्येक नावाला जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

मेल किती जणांनी उघडला, ते मी आता बघतही नाही. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय केली आहे की माणसाने न उघडताही मेल उघडल्यासारखा दिसतो, आणि आमची अर्धी गिऱ्हाइकं आयफोनवाली. उत्तरं किती, ऑर्डरी किती, तेवढं मोजते. मेल कधीकधी 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात जातो, त्यावरही मी भांडत नाही. फराळाची जाहिरातच आहे ती. तिथे शेजारी निदान साड्या असतात, गोळ्या नसतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहवाल स्वच्छ यायला लागल्यावर डीमार्क 'नन' वरून 'क्वारंटाइन' वर नेलं, म्हणजे आमच्या नावाचा नापास मेल फेकायचा नाही, पण स्पॅममध्ये टाकायचा.

आणि ऑगस्टमध्ये परीक्षा आली. अमेरिकेने आठशे डॉलरखालच्या पार्सलांची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद करायचं ठरवलं. कुरियरवाला रोज नवा दर सांगत होता. गणपती आठवड्यावर, फराळाचे दर ठरवायचे, आणि तिकडच्या लोकांना हे आत्ताच कळायला हवं होतं. बिलात अचानक वाढ दिसली असती तर आम्हीच चोर ठरलो असतो. विषय लिहिला, 'यंदा अमेरिकेच्या पार्सलांचं काय'. ना सूट, ना उद्गारचिन्ह, पण ते कोणाला घाबरून नाही. सांगायचंच तेवढं होतं. अमेरिकेतल्या ४८० जणांना पाठवला आणि झोपायला गेले. झोप कसली लागतेय.

सकाळी सहाला उठून पाहिलं तर सत्तरच्या वर उत्तरं. कोणी म्हणे, थोडं कमी पाठवा. कोणी म्हणे, आईच येतेय नोव्हेंबरात, तिच्याबरोबर द्या. दोघांनी वॉशिंग्टनला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. एडिसनच्या काकूंचं उत्तर चार ओळींचं:

"मेल वरच दिसला, शोधावा लागला नाही. दर वाढला तरी पाठव, नातू वाट बघतो. चकली दोन किलो. कडबोळी मात्र मागच्या वेळी मऊ पडली होती, मी बोलले नव्हते."

मी कागद घेऊन भट्टीवर गेले आणि भाजणी भाजणाऱ्या ताईंना शेवटची ओळ वाचून दाखवली.